एक वेष, अनेक कुळें

विद्यार्थ्यांस अमीबाची आकृति काढावयास सांगितली म्हणजे दर वर्षीं एकच मौज आमच्या दृष्टीस पडते. "अमीबास निश्चित आकार नाहीं" हें वाक्य सर्वांस मुखोद्गत असतें. पण वह्या तपासावयास घेतल्या कीं प्रत्येक वहींतून तोच एक अमीबा आपणांकडे पाहत असतो. डावीकडे दोन पाय, उजवीकडे तीन, मध्यभागीं केंद्रक, आणि कोपऱ्यांत पाण्याचा एक वाटोळा बुडबुडा! पुस्तकाच्या चित्रकारानें ज्या क्षणीं त्यास कागदावर धरून ठेविलें, त्या क्षणाचा तो बिचारा कायमचा कैदी होऊन बसला आहे.

गेल्या वर्षीं नवव्या इयत्तेंतील एका विद्यार्थिनीनें मात्र एक निराळाच प्रश्न विचारला. शाळेच्या ग्रंथालयांतील एका जुन्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत तिनें एक तक्ता पाहिला होता. त्यांत आदिजीव हा संघ, सार्कोडिना हा त्यांतील एक वर्ग, आणि अमीबा हा त्या वर्गाचा जणूं पाटील, अशी मांडणी होती. एका नव्या पुस्तकांत तिला सार्कोडिना हें नांवच आढळेना. आणि जुन्या तक्त्यांत एका पंक्तीस बसलेले सोबती नव्या तक्त्यांत चहूंकडे पांगलेले दिसले. "सर, यांतलें खोटें कोणतें?" असें तिनें विचारलें, आणि लगेच व्यावहारिक शहाणपणानें, "आणि परीक्षेंत काय लिहूं?" असेंही विचारलें. इतक्यांत तासाची घंटा झाली व उत्तर अर्धेंच राहिलें. तें पुरें करण्याचें वचन आम्हीं दिलें होतें, तें या पानांतून पाळीत आहों. पालकांनींही हा लेख वाचावा अशी आमची विनंति आहे. कारण ज्या नांवांचा हा घोळ आहे, त्यांपैकीं एक नांव त्यांच्या घरीं मलतपासणीच्या कागदावर कधीं तरी येऊन गेलें असण्याचा संभव आहे.

प्रथम प्रत्यक्ष प्राणी पाहूं. तळ्याच्या कडेस पाण्यांत बुडालेलीं कुजकीं पानें असतात. त्यांवरील गाळ हलक्या हातानें खरवडून थोड्या पाण्यासह एका उथळ बशींत घ्यावा. त्यांत उकडलेल्या गव्हाचे दोनचार दाणे टाकावे आणि बशी झांकून आठदहा दिवस सावलींत ठेवावी. दाण्यांभोंवतीं जंतु वाढतात, जंतूंवर त्यांहून मोठे सूक्ष्म जीव पोसतात, आणि त्यांच्या मागोमाग अमीबा येतो. इतकें केलें म्हणजे तो पहिल्याच थेंबांत भेटेल असें मात्र नाहीं. पुष्कळदां कुजक्या पानाचा एखादा तुकडाच अमीबा म्हणून मोठ्या आनंदानें वहींत उतरविला जातो. खरी खूण एकच. पांच मिनिटें कांचपट्टी न हलवितां स्वस्थ पाहत राहावें. ज्याची कड हळूच एका बाजूस फुगते आणि मागोमाग आंतील सर्व कण त्या फुगवट्यांत वाहूं लागतात, तोच अमीबा.

ज्यास पुस्तकें अमीबा प्रोटिअस म्हणतात, तो या मंडळींत चांगलाच थोराड आहे. त्याची लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास भरते. म्हणजे तीक्ष्ण दृष्टीच्या मुलास काळ्या कागदावर ठेवलेल्या बशींत तो नुसत्या डोळ्यांनींही पांढुरक्या ठिपक्यासारखा दिसूं शकेल. त्याचें सारें शरीर म्हणजे एकच पेशी. पुढें जो फुगवटा निघतो त्यास कूटपाद, म्हणजे खोटा पाय, असें नांव आहे. बाहेरचा थर घट्ट, आंतला पातळ. आंतला रस पुढें धांवतो, टोंकाशीं जाऊन कडेला वळतो व घट्ट होतो. उलट शेपटीच्या बाजूस घट्ट झालेला भाग पुन्हां पातळ होऊन आंत शिरतो. मास्ट या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९२६ सालीं या घट्ट-पातळ होण्याचें सविस्तर वर्णन केलें. रस मागून ढकलला जातो कीं पुढून ओढला जातो, यावर पुढें पुष्कळ वर्षें वाद चालला. एवढें मात्र निश्चित झालें आहे कीं, या हालचालीच्या मुळाशीं ॲक्टिन व मायोसिन हीं प्रथिनें आहेत, आणि आपल्या दंडाचा स्नायु आंखडतो तोही याच दोन प्रथिनांच्या बळावर. पाटी उचलणारा मुलगा आणि डबक्यांतला अमीबा यांचीं अवजारें या बाबतींत एकाच कारखान्यांतलीं आहेत.

भक्ष्य समोर आलें म्हणजे अमीबा त्यास दोन्ही बाजूंनीं कूटपादांनीं वेढतो व थोड्या पाण्यासकट आंत घेतो. त्यास तोंड नाहीं. पण जेथें भक्ष्य लागेल तेथें तोंड, अशी त्याची सोय आहे. जेनिंग्ज या शास्त्रज्ञानें १९०६ सालच्या आपल्या ग्रंथांत एका अमीबानें दुसऱ्या लहान अमीबाचा केलेला पाठलाग वर्णिला आहे. लहानगा गिळला गेला, निसटला, पुन्हां पकडला गेला व पुन्हां निसटला! ज्यास मेंदु नाहीं, मज्जातंतु नाहीं, डोळा नाहीं, त्यानें अशी शिकार करावी हें वाचून आम्ही प्रथम थक्क झालों होतों, आणि वर्गांत सांगतांना अजूनही होतों.

गोड्या पाण्यांत राहणाऱ्यास आणखी एक काळजी असते. पेशीच्या आंतील रस बाहेरच्या पाण्याहून दाट असल्यामुळें पाणी सारखें आंत झिरपतें. होडींत शिरलेलें पाणी नावाडी उपसून टाकतो, तसें अमीबाच्या अंगांतील एक बुडबुडा हें पाणी गोळा करून कांहीं मिनिटांच्या अंतरानें बाहेर फेकतो. समुद्रांतील बहुतेक अमीबांस असा बुडबुडा नसतो. खाऱ्या पाण्यांत त्यांस त्याची गरजच पडत नाहीं. वाढ पुरी झाली कीं प्रथम केंद्रक दुभागतें, मग शरीर. आणि एकाचे दोन होतात. केंद्रक काढून घेतलें तर उरलेला गोळा कांहीं दिवस जगतो, पण त्यास अन्न पचवितां येत नाहीं व अखेर तो मरतो. १९३९ सालीं कोमांदों व द फोंब्र्युन या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं अशा केंद्रकहीन अमीबांत दुसऱ्या अमीबाचें केंद्रक बसवून त्यांस पुन्हां कामाला लाविलें. एका पेशीचें केंद्रक दुसरींत जिवंत बसविण्याचें कसब मनुष्यानें प्रथम साध्य केलें तें या शेंबडासारख्या दिसणाऱ्या गोळ्यावर!

आतां नांवांकडे वळूं. १७५५ सालीं न्युरेंबर्ग येथील र्‍योझेल फॉन रोझेनहोफ या चित्रकार-निसर्गशास्त्रज्ञानें या प्राण्याचीं पहिलीं चित्रें प्रसिद्ध केलीं, आणि ग्रीक पुराणांतील रूपें पालटणाऱ्या सागरदेवतेवरून त्यास 'छोटा प्रोटिअस' म्हटलें. विशेष हें कीं, त्यानें एक चित्र काढून समाधान मानलें नाहीं. एकाच प्राण्याचीं अनेक रूपें शेजारीं शेजारीं रेखाटलीं. आमच्या विद्यार्थ्यांनीं हा धडा गिरवावा. वर्गीकरणाचा पितामह लिनीअस यास मात्र या निराकार जीवाचें काय करावें हें कळेना; त्यानें १७५८ सालीं त्याच्या नांवांत 'केऑस', म्हणजे बजबजपुरी, हा शब्द घातला. पुढें १८२२ सालीं बोरी द सें-व्हेंसां यानें 'बदल' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून 'अमिबा' हें नांव दिलें व एरेनबर्गनें त्याची वर्णरचना थोडी बदलली. १८३५ सालीं द्युजार्दें यानें या जीवांच्या अंगांतील चिकट, पारदर्शक, जिवंत द्रव्यास 'सार्कोड' म्हटलें. त्यावरूनच पुढें सार्कोडिना हें वर्गाचें नांव निघालें. अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथील जोसेफ लीडी यानें १८७९ सालीं गोड्या पाण्यांतील अमीबा व त्यांचे सोबती यांवर सुंदर चित्रांचा एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला.

या सर्व विद्वानांची कसोटी डोळ्यांस दिसणारी होती. जो कूटपादांनीं चालतो तो सार्कोडिना. चाबकासारख्या केसानें पोहतो तो दुसऱ्या वर्गांतला. बारीक लव हालवून पोहतो तो तिसऱ्या. सार्कोडिनांत मग पायांवरून पोटभेद: बोटासारखे जाड पाय असलेले, धाग्यासारखे बारीक पाय असलेले, जाळीसारखे पाय असलेले, व किरणांसारखे ताठ पाय असलेले. १९८० सालीं आदिजीवशास्त्रज्ञांच्या मंडळानें जें सुधारलेलें वर्गीकरण प्रसिद्ध केलें, त्यांतही सार्कोडिना हें नांव कायमच होतें.

या कसोटींत चूक कोठें होती हें समजण्यासाठीं घार, वटवाघूळ व फुलपांखरूं यांचा विचार करावा. तिघांसही पंख आहेत आणि तिघेंही उडतात. पण पंख हेंच कुळाचें लक्षण मानून कोणी तिघांस एका घरांत बसवील तर तें हास्यास्पद होईल. वटवाघळाचें सोयरीक-संबंध उंदराशीं व मनुष्याशीं अधिक जवळचें. कूटपादाचेंही तसेंच निघालें. खुणा पूर्वींपासून होत्या. १८८२ सालीं मेसिना येथें मेश्निकॉफ यानें तारामाशाच्या पिलांत गुलाबाचा कांटा टोंचून पाहिला, तों त्या पिलांच्या शरीरांतील कांहीं पेशी अमीबाप्रमाणें सरपटत कांट्याभोंवतीं जमलेल्या त्यास दिसल्या. आपल्या रक्तांतील पांढऱ्या पेशीही अशाच सरपटतात व जंतु गिळतात. त्या अमीबा नव्हेत, आपल्याच पेशी आहेत. चालण्याची तऱ्हा तेवढी तीच. १८९९ सालीं व्हिएन्ना येथें शार्डिंगर यानें असा एक अमीबा पाहिला कीं, त्यास कांहीं वेळ केवळ स्वच्छ पाण्यांत ठेविलें तर तो सरपटणें सोडून दोन चाबूक काढतो व पोहूं लागतो; आणि अन्न मिळतांच पुन्हां अमीबा होतो. ज्या लक्षणावर वर्गांच्या भिंती उभ्या होत्या, तें लक्षण हा प्राणी तासाभरांत बदलतो! या जातीस आज नेग्लेरिया म्हणतात.

आपल्याकडे गांवोगांव फिरणारे बहुरूपी पालकांनीं पाहिले असतील. आज पोलीस, उद्यां वैद्य, परवां राजा. माणूस एक आणि वेष अनेक. जुने शास्त्रज्ञ अमीबाकडे असाच एक बहुरूपी म्हणून पाहत. खरी गोष्ट उलट निघाली. वेष एक, आणि तो घालणारीं माणसें निरनिराळ्या गांवचीं, निरनिराळ्या कुळांचीं!

हें निश्चित झालें तें सूक्ष्मदर्शकानें नव्हे. प्रत्येक पेशींत प्रथिनें घडविणारीं यंत्रें असतात, आणि तीं बांधण्याची सांकेतिक लिपि तिच्या आनुवंशिक द्रव्यांत असते. एका पोथीच्या दहा नकला झाल्या व त्या नकलांच्या पुन्हां नकला झाल्या, तर कोणत्या प्रतींत कोणते अपपाठ समान आहेत यावरून कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली हें पंडित ओळखतात. तसेंच या लिपींतील समान-असमान अक्षरांवरून कुळांची सोयरीक ठरवितां येते. गेल्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत हें काम जोरानें सुरू झालें. कॅव्हॅलिअर-स्मिथ या इंग्रज शास्त्रज्ञानें १९९८ सालीं अमीबोझोआ हें एक मोठें कूळ पुढें मांडलें व २००२ सालीं ऱ्हायझेरिया हें दुसरें. आणि २००५ सालीं पुष्कळ शास्त्रज्ञांनीं मिळून जें नवें वर्गीकरण प्रसिद्ध केलें, त्यांत जुना सार्कोडिना कायमचा मोडला.

आतां जुने सोबती कोठें गेले पाहा. जाड पायांचा अमीबा प्रोटिअस अमीबोझोआंत राहिला. हें कूळ, आश्चर्य वाटेल, पण प्राणी व बुरशी यांच्या कुळाच्या शेजारचें आहे. वेष बदलणारा नेग्लेरिया त्याच्यापासून फार दूर, हिरव्या युग्लीनाच्या आळींत जाऊन बसला. म्हणजे डबक्यांतला अमीबा प्रोटिअस हा नेग्लेरियापेक्षां आपणां मनुष्यांचाच अधिक जवळचा आप्त ठरतो. न्यूक्लिएरिया नांवाचा धाग्यांच्या पायांचा एक अमीबा तर थेट बुरशीचा भाऊबंद निघाला. डिफ्लुजिया हा वाळूचे कण चिकटवून स्वतःस घर बांधतो व युग्लिफा हा खवल्यांचें घर बांधतो. दोघेही 'घरवाले' म्हणून पूर्वीं शेजारीं होते. पण पहिला अमीबोझोआंत व दुसरा ऱ्हायझेरियांत गेला. त्याच ऱ्हायझेरियांत जाळीच्या पायांचे, चुन्याच्या कवचाचे समुद्रवासी फोरामिनिफेरा आहेत. इजिप्तमधील पिरॅमिडांचे पुष्कळसे दगड याच जातीच्या नाण्याएवढ्या कवचांनीं खचून भरलेले आहेत. स्ट्रेबो या प्राचीन ग्रीक भूगोलकारानें तेथें पसरलेल्या कवचांविषयीं अशी लोकवार्ता नमूद केली आहे कीं, ते बांधकामावरील मजुरांच्या जेवणांतील उरलेल्या मसुरीचे दगड झालेले दाणे होत! असो.

तेव्हां आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचें उत्तर असें: खोटें कोणीच लिहिलें नाहीं. जुन्या तक्त्यानें वेष पाहून याद्या केल्या, नव्यानें कूळ पाहून केल्या. 'अमीबा' हा शब्द आज चालण्याच्या एका तऱ्हेचें नांव म्हणून राहिला आहे. एका घराण्याचें नांव म्हणून नाहीं. परीक्षेंत नेमलेल्या पुस्तकाप्रमाणें लिहावें. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यास कोड्यांत घालण्याची ती जागा नव्हे. पण प्रश्न 'अमीबाचें कूळ कोणतें' असा आला तर 'कोणता अमीबा?' असें निदान मनांत तरी विचारावें.

यावर एखादे पालक म्हणतील, नांवें कोणतींही द्या, आमचें काय अडलें आहे? त्यांच्याचसाठीं पुढील हकीकत.

१८७५ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें ल्योश नांवाच्या डॉक्टरानें रक्ती आंवेनें आजारी असलेल्या एका तरुण शेतकऱ्याचा मल सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला. त्यांत त्यास असंख्य अमीबा दिसले. १९०३ सालीं शाउडिन यानें आंतड्यांतील निरुपद्रवी अमीबास एन्टअमीबा कोलाय असें म्हणून त्यापासून आंवेचा अमीबा निराळा केला. आंवेच्या अमीबास त्यानें 'हिस्टोलिटिका', म्हणजे शरीराचीं ऊतकें विरघळविणारा, असें समर्पक नांव दिलें. हा अमीबा आंतड्याच्या भिंतीस क्षतें पाडतो. कधीं रक्तावाटें यकृतांत जाऊन तेथें गळूं करतो. बाहेर पडतांना तो चार केंद्रकांची, टणक वेष्टणाची एक पुटी होऊन पडतो, आणि ही पुटीच पाणी, कच्च्या भाज्या व न धुतलेले हात यांच्या द्वारें दुसऱ्याच्या पोटांत जाते. नळाच्या पाण्यांत सामान्यतः असलेल्या क्लोरीननें ती मरेलच असा भरंवसा नाहीं. पाणी उकळलें म्हणजे मात्र मरते. हा केवळ गरम देशांचा रोग आहे असेंही कोणी समजूं नये. १९३३ सालीं शिकागो शहरीं जागतिक प्रदर्शनाच्या वेळीं सांडपाणी पिण्याच्या पाण्यांत मिसळून चौदाशेंच्या आसपास लोक आजारी पडले व त्यांपैकीं शंभराच्या आसपास दगावले.

औषधाच्या इतिहासांत आपल्या देशाचें नांव आहे. १९१२ सालीं कलकत्त्यास लिओनार्ड रॉजर्स यांनीं एमेटिनचीं इंजेक्शनें देण्याची पद्धति सुरू केली. आणि आपल्या सह्याद्रींतील कुडा! त्याची कडू साल आंवेवर वैद्य पूर्वापार देत आले. तींतील कोनेसीन हें द्रव्य अमीबावर चालतें असें पुढें रसायनज्ञांसही आढळलें.

परंतु एक कोडें सुटेना. १९१३ सालीं वॉकर व सेलार्ड्स यांनीं मनिला येथील तुरुंगांतील संमति दिलेल्या वीस कैद्यांस या अमीबाच्या पुट्या खाऊं घातल्या. कैद्याच्या संमतीस किती अर्थ असतो हा प्रश्न आज कोणीही विचारील, आणि आम्हीही विचारतों. त्या वीसांपैकीं अठरा जणांच्या आंतड्यांत अमीबानें ठाणें दिलें. पण आंव झाली केवळ चौघांस. जगभर हाच अनुभव. लक्षावधि लोकांच्या मलांत पुट्या सांपडत आणि ते तर धडधाकट! डॉक्टर म्हणत, याची प्रकृति दणकट आहे. किंवा, आज नाहीं तर उद्यां रोग होईल, आतांच औषध द्या.

१९२५ सालीं पॅरिस येथील एमील ब्रूम्प्त यांनीं एक साधें उत्तर सुचविलें. हा एक अमीबा नव्हे, दोन आहेत. दिसावयास हुबेहूब सारखे; पण एक रोग करतो, दुसरा आयुष्यभर निमूटपणें आंतड्यांत राहतो. या दुसऱ्यास त्यांनीं एन्टअमीबा डिस्पार असें नांव दिलें. कोणी ऐकलें नाहीं. सूक्ष्मदर्शकाखालीं जर दोघांत तिळमात्र भेद दिसत नाहीं, तर दोन नांवें कशास? आणि निरुपद्रवी म्हणून सोडून दिलेला उद्यां घातकी निघाला तर? हे आक्षेप अगदींच वावगे नव्हते, हें आम्ही कबूल करतों. ब्रूम्प्त १९५१ सालीं वारले. तोंपर्यंत त्यांचें मत बहुतेकांनीं अडगळींत टाकलें होतें.

१९७८ सालीं लंडन येथें सार्जंट व त्यांचे सहकारी यांनीं निरनिराळ्या रोग्यांच्या अमीबांतील विकरें विजेच्या प्रवाहानें वेगळीं करून त्यांच्या पट्ट्या ताडून पाहिल्या. रोग्यांकडील अमीबांच्या पट्ट्या एका तऱ्हेच्या व धडधाकट माणसांकडील दुसऱ्या तऱ्हेच्या आल्या. तरी वाद मिटला नाहीं. एक प्रकार प्रयोगशाळेंत दुसऱ्यांत पालटतो असें कांहीं संशोधकांनीं सांगितलें. अखेर आनुवंशिक लिपि वाचली गेली तेव्हां दोघांत एवढें अंतर निघालें कीं, शंकेस जागा उरली नाहीं. १९९३ सालीं डायमंड व क्लार्क यांनीं दोन्ही जातींचें नव्यानें वर्णन केलें आणि डिस्पार हें ब्रूम्प्त यांचेंच नांव अडुसष्ट वर्षांनीं पुन्हां गादीवर बसविलें.

याचा परिणाम किती झाला हें आंकड्यांवरून कळेल. जगांत सुमारें ५० कोटि लोकांच्या आंतड्यांत हा 'घातकी' अमीबा आहे, असा पूर्वींचा अंदाज होता. आतां दिसून आलें कीं, त्यांपैकीं बहुतेकांजवळ होता तो निरुपद्रवी डिस्पार. म्हणजे कोट्यवधि निरोगी माणसें केवळ एका नांवाच्या घोटाळ्यामुळें रोगी ठरलीं होतीं, आणि कित्येकांनीं त्यापायीं कडक औषधें घेतलीं. १९९७ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीं मेक्सिको येथें जमून स्पष्ट सल्ला दिला कीं, ज्याच्याजवळ केवळ डिस्पार आहे त्यास औषध देऊं नये. आणि त्याला पोटाचीं लक्षणें असलींच तर त्यांचें कारण दुसरीकडे शोधावें. हें दुसरें कलम आम्हांस फार महत्त्वाचें वाटतें. चुकीचें नांव चिकटलें कीं खऱ्या कारणाचा शोधच थांबतो.

म्हणून पालकांस विनंति कीं, मुलाच्या मलतपासणीच्या कागदावर हिस्टोलिटिकाच्या पुट्या सांपडल्याचें लिहून आलें आणि ती तपासणी नुसत्या सूक्ष्मदर्शकानें झाली असली, तर तो शब्द अखेरचा समजूं नये व शेजाऱ्याच्या सल्ल्यानें गोळ्याही आणूं नयेत. दोघांच्या पुट्या सारख्याच दिसतात. निश्चित भेद निराळ्या परीक्षेनें करतां येतो. उलट शौचांतून रक्त पडत असेल, ताप असेल, उजव्या बरगडीखालीं दुखत असेल, तर एक दिवसही न दवडतां डॉक्टरांकडे जावें. अमीबाच्या पोटांत रक्ताच्या तांबड्या पेशी दिसल्या तर तो हिस्टोलिटिका असल्याचा संशय बळावतो.

दुसऱ्या कुळाचाही एक इशारा येथेंच देतों. वर सांगितलेल्या नेग्लेरियाची फाउलेरी नांवाची एक जाति कोमट, सांचलेल्या गोड्या पाण्यांत वाढते. तें पाणी प्याल्यानें कांहीं होत नाहीं. पण बुडी मारतांना जोरानें नाकांत शिरलें तर क्वचित् प्रसंगीं हा अमीबा वासाच्या मज्जातंतूंच्या वाटेनें मेंदूंत पोंचतो. १९६५ सालीं ऑस्ट्रेलियांतील फाउलर व कार्टर यांनीं असे रोगी प्रथम वर्णन केले. केरळांत २०२४ व २०२५ सालीं मेंदूंत अमीबा शिरून आजारी पडलेले अनेक रोगी आढळले. या नेग्लेरियाची बाधा झालेले बहुतेक रोगी दगावतात. लवकर ओळखले गेलेले थोडे वांचतातही. आंवेच्या अमीबावर जें औषध हटकून लागू पडतें, तें मेट्रोनिडाझोल येथें निरुपयोगी. येथें डॉक्टर बुरशीवरच्या ॲम्फोटेरिसिनचा आश्रय करतात. दोघांसही 'अमीबा' म्हणून एकच औषध देणारा वैद्य रोग्यास हातचा घालवील. उन्हाळ्याच्या सुट्टींत आटलेल्या तळ्यांत सूर मारणाऱ्या मुलांनीं नाक चिमटींत धरण्याची संवय लावून घ्यावी.

एन्टअमीबाची हकीकत मात्र डिस्पारवरच संपलेली नाहीं. १९४१ सालीं मॉस्को येथील सांडपाण्यांत एक अमीबा सांपडला होता व त्यास मोशकोव्हस्की असें नांव मिळालें होतें. त्याच्या पुट्याही हिस्टोलिटिकासारख्याच दिसतात, आणि तो मनुष्याच्या आंतड्यांतही आढळतो असें पुढें दिसून आलें. २०१२ सालीं बांगलादेशांत ढाका शहराच्या मीरपूर भागांतील मुलांचे मल तपासतांना तशीच पुटी असलेला, पण या तिघांशींही न जुळणारा चौथा अमीबा हातीं लागला. त्यास एन्टअमीबा बांगलादेशी असें नांव दिलेलें आहे. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखालीं हे चौघेही एकच दिसतील.